निळीचं तेल

शहात्तर साली पुंजाजी वैद्य पुसेगावच्या बाजारात निळीच्या पाल्याचं तेल विकायचा. "महिनाभर लावा, पांढरा केस मुळातून काळा येतो," असं म्हणत तो पटका काढून स्वतःचं काळंभोर डोकं दाखवायचा आणि बाटल्या हातोहात खपायच्या. त्याच डोक्याला दर शनिवारी आधी मेंदी आणि मग वाटलेल्या निळीचा लेप थापून जनकाबाईची बोटं निळी पडली होती, पण नवऱ्याचं गुपित तिनं कधी फोडलं नव्हतं.

एका बाजाराच्या दिवशी नसबंदीच्या शिबिराची जीप आली. दिसेल त्या बाप्याला धरून नेत होते, फक्त साठीच्या पुढच्यांना सोडून देत होते. पुंजाजी बासष्टचा, पण त्याचे केस पाहून साहेबानं त्याचा दंड धरला.

जनकाबाई पदर सावरत धावली. "सोडा साहेब, बासष्टचं माणूस हाय! घरी सात नातवंडं हायती. केस मी रंगवते त्यांचे, हे हात बघा माझे!"

"काय हो वैद्य, बाई खरं बोलते का?"

बाटल्या हातात धरून उभी असलेली गिऱ्हाइकं त्याच्या डोक्याकडं बघू लागली. पुंजाजीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा जीपकडं.

 

"बाई येडी हाय, साहेब," तो म्हणाला आणि आपल्या पायानं जीपमध्ये चढता चढता पुढं म्हणाला, "वय चाळीस लिवा."