पाण्याचा दिवस

"परत वाजला," पृथ्वीराज म्हणाला. "आणि बाहेर नळाला पाणी. बघ आई, पाणी आलं की हा वाजतोच."

सोजरबाई भरलेली कळशी कडेवर घेऊन दारातच थांबली. बैठ्या टेबलावरचा लॅपटॉप तीनदा पीं पीं करून गप्प बसला. पडदा काळा तो काळाच.

सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही आपल्या लहरीनं. आलं की सोजरबाई पहाटेपासून नळावर. पिंप, घागरी, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा. त्या दिवशी तिला चूळ भरायला उसंत नसते. घरभर ओल होते, आणि नेमकी त्याच दिवशी ह्या लॅपटॉपला अवदसा आठवते.

महिन्यापूर्वी पृथ्वीराजनं त्यात नवी रॅम घातली होती, काम झपाट्यानं व्हावं म्हणून. दुकानात कशाला जायचं, व्हिडिओ बघून जमतंय की, असं म्हणाला आणि घातलीही. दोन दिवस फुशारून फिरत होता. तेव्हापासून हे सुरू झालं. एरवी लॅपटॉप गुणी पोरासारखा चालायचा, पाण्याच्या दिवशी वाजायचा. मध्ये सोजरबाई बहिणीकडं करकंबला राहिली होती तेव्हाही एकदा वाजला. पण त्या दिवशी हवा ढगाळ होती, म्हणजे ओलच की.

नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण घरात बसून. सहा महिने बघू, मग कायम करू, असं ठरलेलं. रोज सकाळी साडेनऊला मीटिंग. तिथं तो ह्या महिन्यात तीन-चारदा उशिरा उगवला होता, आणि आज तर मीटिंग संपल्यावर. साहेबांचा फोन आला तेव्हा घाईत स्पीकरचं बटण दाबलं गेलं, आणि सोजरबाईनंही ऐकलं.

"उद्या वेळेवर दिसला नाहीत, तर परवापासून येऊच नका."

"हो सर. सॉरी सर," पृथ्वीराज म्हणत राहिला. आईसमोर हे ऐकून घ्यावं लागलं म्हणून त्याचे कान तापले. फोन ठेवून तो वळला.

"तू ह्याला हात लावतेस का?"

सोजरबाईला खोटं बोलता येत नव्हतं. "व्हय. सकाळच्याला. तू उटायच्या आदी."

"कशाला?"

तिला सांगायचीच लाज वाटली. वीस वर्षं ती चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होती. मशीन सुरू करण्याआधी त्यावर दोन्ही तळवे टेकायचे, तळव्यांवर कपाळ टेकायचं, मग बटण. तो कारखाना बंद पडला, आणि घरात हे आलं. जे पोटाला घालतंय त्याच्या पाया पडायला नको? मिटलेल्या लॅपटॉपवर ती तसंच डोकं टेकायची. गुडघे धड नाहीत, त्यामुळं वाकलं की सगळं अंग हातांवर यायचं. अडखळत अडखळत तिनं एवढं सांगितलं.

"ओल्या हातानं?"

आता हे तिला कुठं आठवतंय. हात तर दिवसभर ओलेच असतात.

"अगं, ही काय कारखान्यातली मशीन आहे? नाजूक वस्तू आहे. माझी नोकरी चाललीय तुझ्या पाया पडण्यापायी. परत हात लावू नकोस. कधीच."

सोजरबाईनं हात पदराखाली घेतले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक घरात बसून पुण्याची नोकरी करतो म्हणून गल्लीभर सांगत सुटलेली ती, आणि त्याच्या तोंडचा घास काढणारे हातही तिचेच.

दुसऱ्या दिवशी पाणी नव्हतं. घर कोरडं ठणठणीत. सोजरबाईनं उंबऱ्यातूनच लॅपटॉपला हात जोडले आणि गॅसकडं वळली. पृथ्वीराजनं बटण दाबलं.

पीं. पीं. पीं.

त्यानं बंद केला, चालू केला, उलटा केला, सुलटा केला. पीं पीं काही थांबेना. त्यानं नुसतं आईकडं बघितलं. ते तिला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

ती गुडघे विसरून तशीच अनवाणी मागल्या गल्लीत पळाली. तिथं नईमचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. तो नुकताच शटर वर करत होता.

"माज्या हातानं बिगाडलंय बाबा," त्याला घराकडं आणताना वाटेत ती म्हणाली. "लेकाला काय बोलू नगंस."

"बगू तर द्या मावशी," नईम म्हणाला.

त्यानं लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले, झाकण उचललं. आत बघून त्यानं विचारलं, "रॅम कुणी बसवली?"

पृथ्वीराज अडखळला. "पुण्यात... एका मित्रानं."

सोजरबाईनं मान आणखी खाली घातली. आपल्यापायी लेकावर खोटं बोलायची वेळ आली, ह्याचीच तिला लाज वाटली.

"मित्राला सांगा, ही रॅमची पट्टी खट्ट वाजेपर्यंत दाबायची असते. अर्धीच बसलीय बगा. पाण्याचा थेंब न्हाय की ओल न्हाय." नईमनं अंगठ्यानं पट्टी दाबली. खट्ट वाजलं. झाकण लागलं, आणि लॅपटॉप एकदाही न वाजता सुरू झाला.

मीटिंगला अजून पाच मिनिटं होती. पृथ्वीराजच्या जिवात जीव आला.

नईम हत्यारं पिशवीत भरता भरता थांबला. "एक कळंना मला. इतकी सैल पट्टी रातीत सरकणारच. महिनाभर चालली कशी? सकाळी कुणीतरी वरनं चांगला भार देऊन दाबल्याबिगर हा सुरूच होयाचा न्हाय. कोण दाबत होतं ह्याला?"

पृथ्वीराजनं मान वर केली.

सोजरबाईनं घाईघाईनं दोन्ही हात पदराखाली दडवले. "देवाशप्पत, आज न्हाय लावला हात," ती म्हणाली. "आन् पाण्याच्या दिवशी बी लावत न्हाय बाबा. त्या दिवशी येळच गावत न्हाय."