जवळचा सर्व्हर

नव्याण्णव साली माझा जालिंदर अमेरिकेत होता. त्याचा आवाज ऐकायला मी साताऱ्याच्या नेट कॅफेत जायची. आवाज सारखा तुटायचा.

"माझं निम्मं पोरगं तारंतच ठेवतोस व्हय रं?" मी कॅफेवाल्या शौनकला झापलं.

"मावशी, पत्ता सांगणारा डीएनएस लांबचा लागलाय. तो फोन लांबच्या सर्व्हरला धाडतो. जवळचा टाकतो."

त्यानं कॉम्प्युटरातले डीएनएसचे आकडे बदलले. आवाज शेजारी बसल्यागत स्वच्छ आला.

"जालिंदर, मी आय बोलतीय."

"कोण? माझी आय तर हितं माझ्यापाशी जेवतीया."

फोनवर त्याच्या मागं बांगड्या वाजल्या.

"कुणाशी बोलतोस रं? ठेव तो फोन!"

आवाज माझाच होता.

माझा शब्द जालिंदरनं कधी मोडला न्हाई. त्यानं फोन ठेवला.