सही तेवढी माझी

“आजी, बाग बघा, एक नंबर!” दलाल म्हणाला. माझं गावचं घर विकून लेक हे रो-हाऊस घेणार होता. सही तेवढी माझी हवी होती.

भर दुपारी बारा वाजता बागेत सावली आणि भिंतीवर बोटभर शेवाळ. शेजारच्या सात मजली इमारतीनं सगळं ऊन गिळलेलं. गुलाब तेवढे टवटवीत. एक उपटला, तर नर्सरीच्या पिशवीसकट हातात आला. शी!

“आई, दार पूर्वेला आहे. वास्तू एकदम शुद्ध,” लेक म्हणाला.

“दाराला काय चाटायचंय? ही सून सात महिन्यांची पोटुशी. बाळाची दुपटी कुठं वाळवू, तुझ्या टकलावर?”

“मग राहा गावीच एकटी!” लेक तडकला.

“राहीन,” म्हणत मी रिक्षाकडे वळले. सून माझ्याआधीच आत बसली होती.