थांबलेले धरून

“आत्ता कुणाला मोजलंत?” अभियंत्याने विचारलं.

मोजणीवाल्या बाईंनी हातातल्या यंत्राचं बटण दाबलं होतं आणि रस्ता ओलांडायला तर कुणीच आलं नव्हतं. चोरी पकडली, असं त्याला वाटलं. तीन दिवस कॅमेऱ्याच्या मोजणीपेक्षा बाईंच्या मोजणीत एक माणूस जास्त भरत होता. रोज एकच. कॅमेरा चुकत नाही आणि माणूस चुकल्याशिवाय राहत नाही, ही त्याची पक्की समजूत. म्हणून आज तो स्वतः स्टूल टाकून शेजारी बसला होता.

“समोर एक मुलगी उभी आहे, साहेब. ओलांडायचंय तिला.”

“मला काही दिसत नाही. पदरची माणसं घालू नका.”

“तुमच्याच फॉर्मवर छापलंय, थांबलेले धरून मोजायचं.”

छापलं होतं खरं. फॉर्म त्यानेच तयार केला होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. तासाला दोनशे पादचारी भरले तरच इथे झेब्रा पट्टे मारायचे, नाहीतर फाइल बंद. आज मोजणीचा शेवटचा दिवस होता. बाईंचा चेहरा पाहून वाटावं, फाइल त्यांच्या घरचीच आहे.

कचेऱ्या सुटल्या. समोरचा फुटपाथ भरून गेला. माणसं खांद्याला खांदा लावून गाड्या थांबायची वाट पाहू लागली. मधोमध मात्र हातभर जागा मोकळीच राहिली. मोबाइलमध्ये डोकं घातलेला एकजण सरळ चालत आला आणि मान वर न करताच त्या जागेला वळसा घालून गेला. कडेने येणाऱ्या सायकलवाल्याने तिथेच हँडल वळवलं. त्याच्यामागच्यानेही वळवलं. कुणीच त्या जागेकडे पाहत नव्हतं आणि कुणीच तिच्यात पाऊल टाकत नव्हतं.

अभियंत्याच्या अंगावर सरसरून काटा आला. उन्हं अजून लख्ख होती.

तास संपला तेव्हा कॅमेऱ्यात एकशे नव्व्याण्णव भरले होते. बाईंचे दोनशे. अभियंत्याने दोनशेवर सही केली.

आठ दिवसांनी रंगारी आले. वाहतूक अडवून त्यांनी पांढरे पट्टे ओढले. बाईंची ड्यूटी नव्हती, तरी त्या आल्या होत्या आणि अलीकडच्या कडेला उभ्या होत्या. समोर बघ्यांची गर्दी जमली होती. त्या गर्दीतली मोकळी जागा आज फुटपाथच्या अगदी टोकाशी आली होती.

बाईंनी तळहात वर केला. “थांब गं, रंग ओला आहे अजून.”

समोरची दोन माणसं उगाचच मागे सरकली. मोकळी जागाही पाऊलभर मागे गेली.

अभियंता बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला. “तुमची कोण ती?”

“लेक.”

“ऐकते तुमचं?”

“आता ऐकते,” बाई म्हणाल्या. “जिवंतपणी एकदाच ऐकलं नाही.”