वीज गेली तिथपर्यंत

हवालदाराने खिशातून किल्ली काढली आणि पडद्यावरचं चित्र थांबलं.

ते थांबणारच होतं. विलासराव सरसावून बसले. हीटर त्यांनी क्षितिजाच्या पायांकडे वळवला आणि काहीच घाई नसल्यासारखे तिळगुळाची गजक मोडत राहिले. खिडकीबाहेर दुपार असून धुकं होतं.

या सिनेमात नाताळचं काही नाही. झाड नाही, बर्फ नाही, लाल टोपी तर शोधूनही सापडणार नाही. एक हवालदार आणि त्याच्या मनगटाला हातकडीने अडकवलेला एक चोर भर उन्हात वाळवंटातून रेल्वे स्टेशनकडे चालतात, एवढंच. कुठल्याशा परदेशी सिनेमाचं हिंदी डबिंग. क्षितिजा लहान असताना एका पंचवीस डिसेंबरला तो टीव्हीवर लागला, विलासरावांनी टेप केला आणि नेमकी किल्ली निघताना वीज गेली. तेव्हापासून बदलीच्या प्रत्येक गावात, टेपवरून सीडीवर आणि सीडीवरून पेन ड्राइव्हवर, हे घर दर नाताळला वीज गेली तिथपर्यंतच सिनेमा बघतं. पुढचं क्षितिजाने सांगायचं.

विलासरावांना चोराचं काही पडलेलं नव्हतं. सरकारी नोकरीत त्यांनी जन्मभर लोकांकडून लेखी खुलासे मागवले, पण मुलीला सरळ प्रश्न विचारणं त्यांना कधी जमलं नाही. ते काम सिनेमा करायचा. ती दहावीत असताना चोर हवालदाराला म्हणाला होता की मला गणित झेपत नाही. विलासरावांनी मुकाट्याने क्लास बदलला. गेल्या वर्षी चोराला न्यायला स्टेशनवर एक हिंदी बोलणारा मुलगा आला होता. तो आता साखरपुडा उरकून त्यांच्याच सोफ्यावर बसला होता. निशांत. वडील हवाईदलात, जन्म इथलाच, चंदीगडचा. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत.

यंदाचा प्रश्न मोठा होता. सेक्टर बत्तीसमधल्या हॉस्पिटलात क्षितिजाची रेसिडेन्सी संपत आली होती, आणि आयर्लंडमधल्या कुठल्या तरी हॉस्पिटलने तिला बोलावलं होतं. हेही विलासरावांना शेजाऱ्यांकडून कळलं होतं. ती जाणार की नाही, हे शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

"विचारा की सरळ," असं सुमनताई आठवडाभर म्हणत होत्या. आत्ताही मटार सोलता सोलता त्यांनी नवऱ्याकडे त्याच नजरेने पाहिलं.

"हं, क्षितू," विलासराव म्हणाले. "काढली किल्ली. पुढे?"

क्षितिजाने पाय वर घेतले. घसा साफ केला. "पुढे हवालदार म्हणतो..."

"अंकल, एक मिनट," निशांत म्हणाला. "आपकी फाइल करप्ट है. मैंने पूरी पिक्चर ढूँढ ली. एचडी में."

"नको," विलासराव म्हणाले.

"अरे, कोई तकलीफ नहीं, अंकल."

"निशांत, आमच्याकडे एवढाच असतो," क्षितिजा म्हणाली.

"एवढाच कैसे, यार? एंड तो होगा ना."

होणाऱ्या जावयाचा या घरातला हा पहिलाच नाताळ. आपला काही उपयोग व्हावा म्हणून तो सकाळपासून धडपडत होता. नळ गळत नव्हता, गीझर चालू होता. अखेर त्याला हे सापडलं होतं. विलासरावांनी सुमनताईंकडे पाहिलं. पाहुण्याला दुसऱ्यांदा नको म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. तेवढ्यात फोनवरचा सिनेमा टीव्हीवर आला.

हवालदाराने हातकडी उघडली. स्टेशनमास्तर बाहेर आला. म्हणाला, तार येऊन पडलीय, खटला केव्हाच रद्द झालाय. हवालदार मटकन बाकावर बसला. चोर मनगट चोळत म्हणाला, मला मागच्या गावातच कळलं होतं. मग गाडी आली, दोघे वेगवेगळ्या डब्यांत चढले आणि सिनेमा संपला.

"बस?" निशांत म्हणाला. त्यालाही जरा मोठं काहीतरी अपेक्षित होतं.

विलासरावांच्या हातातल्या गजकेचा चुरा झाला होता. इतक्या वर्षांत त्यांनी मुलीच्या तोंडून याहून बरे शेवट ऐकले होते.

"हा काय शेवट झाला?" ते म्हणाले. "आधीच ठरलेलं होतं, तर सांगायला काय झालं होतं त्या गाढवाला?"

"बाबा," क्षितिजा म्हणाली.

"नाही, मला सांग ना. तो बिचारा एवढा उन्हातान्हात चालतोय..."

"बाबा, माझंही ठरलंय. दिवाळीच्या आधीच."

सुमनताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. निशांत टीपॉयवर रिमोट शोधू लागला. तो त्याच्या समोरच होता.

"आयर्लंड?" विलासरावांनी विचारलं.

"हो. फेब्रुवारीत मी, नंतर निशांत."

"मग बोलली का नाहीस?"

"आज बोलणारच होते. किल्ली काढली की."

"सॉरी, अंकल," निशांत म्हणाला. "मुझे किसी ने बताया ही नहीं."

सिनेमाच्या आडून विचारायचं आणि सांगायचं, हे या घरात कधी कुणी बोलून दाखवलं नव्हतं. त्याला सांगायचं तरी काय होतं?

"कसं सांगणार होतीस?" विलासरावांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला होता त्याहून मोठा निघाला. "म्हणजे, हवालदार काय म्हणणार होता?"

"जाऊ दे ना, बाबा. आता कळलं ना तुम्हाला."

"कळलं."

पडद्यावर काळ्यावर पांढरी नावं वर सरकत होती. वेशभूषा, प्रकाश, उंटांची देखभाल. निशांतने बंद करायला फोन हातात घेतला.

"असू दे," विलासराव नजर न हलवता म्हणाले. "नावं चालू आहेत अजून."