आरशासमोरची जागा

हॉटेलची ती खोली म्हणजे माझं पहिलं स्वतंत्र काम. मावशीनं चाळीस वर्षं इमारतींचे फोटो काढले. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ती खुर्चीत बसून नुसत्या सूचना सोडत होती.

"भिंती ताठ दिसू देत. आणि आरशात आपण दिसलो, तर काम हातचं गेलंच म्हणून समज."

त्यावरची युक्तीही तिचीच. आरशासमोर उभं राहायचंच नाही. बाजूला, पडद्याजवळ राहायचं, कॅमेरा सरळ ठेवायचा आणि फक्त त्याची सरकणारी खास लेन्स आरशाच्या बाजूला सरकवायची. फोटो समोरून काढल्यासारखा येतो, पण आरशात कुणीच नसतं.

दुपारचं ऊन संथपणे गालिच्यावर पसरलं होतं. गालिचा इतका जाड, की स्टँडचे तिन्ही पाय त्यात रुतले. स्टँड जरासुद्धा न हलवता मी तीन फोटो घेतले आणि लॅपटॉपवर उघडले.

पहिल्यात आरशाच्या मधोमध कॅमेरा होता आणि त्याच्यामागे मी.

"अगं, बाजूला हो म्हटलं होतं ना?"

"झाले होते की. तू बघतच होतीस."

मावशीनं लॅपटॉप जवळ ओढला. फोटोतली मी मान वळवून पडद्याकडे, मी खरोखर उभी होते तिकडे, बघत होते.

दुसऱ्या फोटोत आरशातल्या त्या 'मी'नं आपला स्टँड उचलला होता.

तिसऱ्यात आरसा रिकामा होता.

"हाच देऊया," मावशी हळूच म्हणाली.

मी सामान आवरायला पडद्याजवळ गेले. माझ्या स्टँडला अगदी खेटून गालिच्यात आणखी तीन खळगे पडले होते, आणि ते अजून खोल होत होते.