एकाच वेळी पाच

"आजही सर्व्हर नाही म्हणतोय का रे?" उघड्या संगणकातून डोकं बाहेर न काढताच रेनांतेने विचारलं.

"म्हणतोय. परवाने संपले म्हणे," एल्मर म्हणाला. "जाऊ दे मानोंग, उद्या बघू." आणि तो गिटार घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसला.

थोरल्या भावाला तो मानोंगच म्हणे. धाकट्या भावाने दोन शिव्या हासडल्या असत्या तरी रेनांतेला बरं वाटलं असतं.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत रेनांते संगणक दुरुस्त करी. सर्व्हर जिन्याखाली. तो बसवताना परवान्याची पद्धत निवडायची होती. एकाच वेळी किती यंत्रं जोडली आहेत ते मोजायचं, की प्रत्येक यंत्राला त्याचा स्वतंत्र परवाना द्यायचा? रेनांतेने पहिली पद्धत घेतली. एकाच वेळी पाच. घरापुरते पुष्कळ झाले. तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं.

पाप नंतर शिरलं. एल्मरची परदेशातल्या नर्सिंगची परीक्षा जवळ आली. अभ्यासाचे सगळे प्रश्नसंच सर्व्हरवर होते. पोरगा पास झाला की रियाधला जाणार, असं नानायने, म्हणजे त्यांच्या आईने, चर्चमध्ये सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. बाप गेल्यावर रेनांतेनेच त्याला कडेखांद्यावर खेळवलेलं. हा गेला की घर खायला उठेल, या धास्तीने तो रोज रात्रीच्या जेवणानंतर दुरुस्तीला आलेली यंत्रं उगाच सर्व्हरला जोडून ठेवू लागला. पाच जागा भरल्या की एल्मर बाहेर.

दुपारी सर्व्हर मोकळाच असे. पण एल्मर नेमका जेवणानंतरच अभ्यासाला बसे. रेनांतेचं काम आपोआप सोपं होई.

रविवारी सुका मासा वाढता वाढता नानायने धाकट्याला लाडाने विचारलं, "अभ्यास कुठवर आला, तोतो?"

"चाललाय. सर्व्हर आडवा येतो मध्येच."

"मग हा थोरला काय कामाचा? अख्ख्या गल्लीची यंत्रं दुरुस्त करतो, आणि घरात दिव्याखाली अंधार!"

"त्याला नको बोलूस, नानाय. त्याचा काय दोष?"

रेनांतेने ताट बाजूला सारलं. आपण भावाचं नशीब अडवून बसलोय, आणि तो आपलीच बाजू घेतोय. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, पुन्हा मोह होऊ नये म्हणून, त्याने घरातल्या प्रत्येक यंत्रासाठी परवाना आणला आणि पद्धत बदलायला घेतली. हा बदल एकदाच करता येतो, मागे फिरता येत नाही, असा इशारा पडद्यावर आला. रेनांतेने होकार दिला आणि एल्मरला हाक मारली.

"बघ आता."

प्रश्नसंच झटकन उघडले. एल्मर पडद्याकडे बघतच राहिला.

"तोतो, मीच अडवत होतो तुला," रेनांते म्हणाला. "मुद्दाम यंत्रं जोडून ठेवायचो. तू जाऊ नयेस म्हणून. माफ कर मला."

"पहिल्यासारखं कर ना परत."

"आता नाही होत ते. पण तू असं का म्हणतोस?"

आत नानाय गुणगुणत एल्मरचे शर्ट इस्त्री करत होती. एल्मरने आवाज खाली आणला.

"तू यंत्रं जोडतोस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर दुपारी कधी बसलो नाही. मला नव्हतंच जायचं, मानोंग. नानायला नाही म्हणायची छाती होत नव्हती, म्हणून सर्व्हरला म्हणू देत होतो."